पिशवीबंदीचा कायदा आणि ज्येष्ठांच्या हातातील ओझे

आपल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दारामागे एक फुगलेली पिशवी टांगलेली असते आणि तिच्या पोटात आणखी पन्नास पिशव्या कोंबलेल्या असतात. कुणी किराण्याची, कुणी औषधांची, कुणी भाजीची. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून आजीने जपलेला हा साठा नातवंडांना अडगळ वाटतो. वस्तुतः काहीही वाया न घालवण्याचा तो जुना संस्कार आहे. त्या काळी बाजारात निघताना पिशवी घेणे हे चपला घालण्याइतके स्वाभाविक होते. वाणी कागदाच्या पुड्या दोऱ्याने बांधून देई आणि तेलासाठी बरणी घरून जाई. म्हणजे आजचा कायदा जे शिकवू पाहतो, ते या पिढीला शिकवावे लागत नाही. मात्र थकलेल्या हातांची अडचण कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून बरेचदा निसटते. या दोन्ही बाजू आज पाहू.

कायदा का करावा लागला?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुराची कारणे अनेक होती. मिठी नदीवरील अतिक्रमण होते, समुद्राची भरती होती. पण गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पातळ पिशव्यांनीही पाणी तुंबवले. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. हा नियम कागदावर राहिला, कारण दुकानात पिशवीची जाडी मोजणार कोण? अखेर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात कोणत्याही जाडीच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. उत्पादन, विक्री, साठवण आणि वापर या सर्वांना ती लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद, अशी तरतूद झाली. औषधांच्या वेष्टनाला त्यातून वगळण्यात आले.

केंद्र सरकारने वेगळी वाट धरली. पिशवीची किमान जाडी सप्टेंबर २०२१ अखेर ७५ मायक्रॉन आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉन करण्यात आली. जाड पिशवीला प्लास्टिक अधिक लागते, मग तीच पुन्हा पुन्हा का आग्रहाने मागावी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्यामागचा हिशोब असा : पातळ पिशवी इतकी हलकी असते, की शेकडो गोळा केल्या तरी कचरावेचकाच्या पदरात काही पडत नाही. म्हणून ती कुणी उचलत नाही, वाऱ्याने उडते आणि गटारात किंवा गाईच्या पोटात जाते. जाड पिशवीला भंगारात मोल असते. शिवाय तिची किंमत दुकानदाराला जाणवते, त्यामुळे ती फुकट वाटली जात नाही.

बंदी की मोल?

बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली. १९८८ आणि १९९८ च्या पुरांत त्यांनी सांडपाण्याचे मार्ग कोंडले, हा अनुभव त्यामागे होता. त्याच वर्षी मार्चमध्ये आयर्लंडने बंदीऐवजी प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर बसवला. दरमाणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात होत्या. हा आकडा २१ पर्यंत उतरला. पुढे वापर थोडा वाढू लागताच २००७ मध्ये कर २२ सेंट झाला.

या दोन वाटांत फरक आहे तो अंमलबजावणीचा. बंदीचे पालन व्हावे यासाठी बाजारात अधिकारी फिरत राहावा लागतो. तो पाठमोरा झाला की पिशवी गाड्याखालून पुन्हा बाहेर येते. कराची आठवण मात्र प्रत्येक खरेदीच्या वेळी गल्ल्यापाशीच होते. अर्थात पावत्या देणाऱ्या दुकानांत कर शक्य असतो. आपल्या हातगाडीवरच्या भाजीविक्रेत्याकडून तो वसूल करणे अवघड आहे. म्हणून आपल्याकडे बंदीचा मार्ग निवडला गेला, यात नवल नाही. परंतु बंदीसोबत पर्यायही हाताशी असावा लागतो. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या पिवळ्या कापडी पिशवीला पुन्हा मान देण्याची मोहीम सुरू केली आणि पुढे नाणे टाकताच कापडी पिशवी देणारी यंत्रेही बाजारात बसवली. विसरभोळ्या ग्राहकासाठी दंडापेक्षा अशी सोय अधिक उपयोगी ठरते.

आरोग्याशी संबंध

हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात का, असे कुणी विचारील. पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी कोपऱ्यावर जळणाऱ्या कचऱ्याचा वास घेतलेला असतो. त्या ढिगात पिशव्या असतातच. त्या धुरातील सूक्ष्म कण दमेकऱ्यांना आणि हृदयरुग्णांना बाधतात. ढिगात पीव्हीसीच्या वस्तू असल्या तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होऊ शकतात. फेकलेल्या पिशवीत साचलेल्या ओंजळभर पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. घरातही धोका आहेच. फरशीवर पडलेल्या पिशवीवर पाय पडला, की घसरायला वेळ लागत नाही. त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोन्महिने अंथरूण. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती किंवा रांगते मूल घरात असेल तर दारामागचा तो साठा त्यांच्या हाती लागणार नाही, अशा जागी हलवावा.

आणखी एक सावधगिरी. बाजारात मिळणारी कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी बहुधा कापडाची नसते. ताणा-बाणा न विणता तंतू दाबून केलेली ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. उजेडात धरून पाहावी. विणीचे धागे दिसले नाहीत, तर ती कापडी नव्हे.

ओझे वाहण्याची रीत

कापडी पिशवी मजबूत असते, म्हणून तिच्यात वजनही अधिक भरले जाते. येथेच ज्येष्ठांची खरी अडचण सुरू होते. पुढील गोष्टी ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात :

• एका मोठ्या पिशवीऐवजी दोन लहान पिशव्या घ्याव्यात आणि वजन दोन्ही हातांत सारखे विभागावे. काठी वापरणाऱ्यांनी हातात पिशवी धरूच नये. पाठीवरची हलकी पिशवी किंवा चाकांची गाडी बरी. मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी पाठीवर वजन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

• पिशवीचे बंद रुंद असावेत. बारीक बंद सांधेदुखी असलेल्या बोटांत रुततात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या कोपरावर लटकवलेल्या पिशवीने काळेनिळे वळ उठतात.

• वॉकरच्या दांड्याला पिशवी अडकवू नये. तो एका बाजूला कलतो. वॉकरला पुढच्या बाजूस मधोमध लावायची छोटी थैली मिळते, तीत फोन आणि किल्ल्या एवढेच ठेवावे.

• मासळी आणि मांसासाठी वेगळी, सहज धुता येणारी पिशवी ठेवावी आणि घरी येताच धुवावी. भाजीच्या पिशव्याही आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात. मधुमेही आणि कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांच्या घरी हा नियम मोडू नये.

• रुग्णाचे डायपर जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वेगळे द्यावेत. पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची विनंती नागरिकांना केली होती. त्या ठिपक्याने कचरा वेगळा करणाऱ्या हातांना आधीच इशारा मिळतो. ही खूण कुठल्याही गावात करता येईल.

नवी पिशवी विकत घेऊ नका

कापडी पिशवी म्हटली की पर्यावरणाचे रक्षण झाले, असे नाही. इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये हिशोब मांडला होता : तापमानवाढीच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीपेक्षा सुती पिशवी सरस ठरण्यासाठी ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. समारंभांत भेट म्हणून मिळालेल्या आणि कपाटात पडून राहिलेल्या दहा पिशव्या हा आकडा कधी गाठणार? जुन्या साडीच्या काठाची, धोतराची किंवा उशीच्या अभ्य्राची पिशवी मात्र नव्या कापसाची मागणी करीत नाही. घरी शिवणयंत्र आणि शिवणारे हात असतील, तर याहून सोपा उद्योग नाही.

कायदा दुकानदाराचा हात रोखू शकतो. पण पिशवी घरातून बाहेर न्यायची आठवण तो देऊ शकत नाही. ती सोय घरानेच करावी. एक घडी घातलेली पिशवी चष्म्याच्या घराशेजारी आणि दुसरी दाराच्या कडीला ठेवावी. आणि आजोबा भाजी आणायला निघाले की सुनेने किंवा नातवाने एवढेच म्हणावे, ‘बटाटे-कांदे संध्याकाळी मी आणतो, तुम्ही फक्त कोथिंबीर आणि लिंबे घेऊन या.’ त्यांचे फिरणे सुटत नाही, बाजारातल्या चार माणसांशी बोलणे घडते आणि खांद्यावर नको ते ओझेही येत नाही.