रीकॉलवर ठपका कशाला?


संगणकातील फाइलींमध्ये शब्द शोधून देणाऱ्या रीकॉल या प्रोग्रॅमबद्दल, ‘रीकॉलला मराठी सापडतच नाही’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. श्रीलिपी फॉन्टमधल्या जुन्या फाइलीत पडद्यावर ‘पाणी’ दिसते, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हे. युनिकोडमध्ये टंकलेले ‘पाणी’ तिथे सापडणार कसे? आधी त्या फाइली युनिकोडमध्ये आणा. विभक्तीची अडचण मात्र खरी: ‘पाणी’ शोधून ‘पाण्याचा’ हाती लागत नाही. तिथे ‘पाण्या*’ असे टाकावे. स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी चित्रातला मजकूर ओळखणारा टेसरॅक्ट प्रोग्रॅम आणि त्याचा मराठी संच लागतो, एवढी खटपट आहेच. राहिली माहिती बाहेर जाण्याची भीती! रीकॉल शोधासाठी जे झापियन वापरतो, त्याचा इंडेक्स (शब्दांची सूची) आपल्याच होम फोल्डरमधल्या एका छुप्या फोल्डरात राहतो. तो इंडेक्स पुसला तरी मूळ फाइलींना धक्का लागत नाही. इंडेक्स पुन्हा करावा लागतो, इतकेच.

— एक वाचक, सातारा