काळ्या रानाची खरी ओळख

महसूल खात्याच्या कारकुनीत आमची तीस वर्षे गेली, त्यामुळे जमिनीची प्रत कागदावरून वाचण्याची खोड आम्हांस जडली आहे. १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात जी प्रतबंदी घातली, तीत काळी, बारीक पोताची, पावणेदोन हात खोल जमीन सोळा आणे ठरे. चुनखड, वाळू, उतार अशा दोषांबद्दल आणे कमी होत. आकारणीस तेवढे पुरे होते. परंतु सोलापूर जिल्ह्यात रान घेणारा अद्यापि रंग व खोली एवढ्यावरच पैसे मोजतो, हे आमच्या मते चुकते.

काळे म्हणून कसदार, हा समज खरा नव्हे. आपल्या काळ्या रानांत सेंद्रिय अंश बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतो. त्यांचे बळ आहे ते मॉन्टमोरिलोनाइट नामक चिकणमातीच्या खनिजात. (फ्रान्सातील एका गावावरून त्यास हे नाव मिळाले, तेही १८४७ सालीच!) त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की ते फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यातल्या भेगा त्यामुळेच पडतात, आणि पावसाळा सरल्यावर मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर उभी राहते तीही बहुतांशी त्याच्याच जोरावर. तांबड्या मातीत बहुधा आढळणारे केओलिनाइट असे फुगत नाही.

याची परीक्षा घरी होते. वाळवून चाळलेली माती दहा दहा ग्रॅम घेऊन खुणांच्या दोन उंच काचपात्रांत टाकावी. एकात राकेल, दुसऱ्यात स्वच्छ पाणी शंभर मिलिलिटरपर्यंत भरावे. ढवळून बुडबुडे काढावे व चोवीस तास हलवू नये. राकेलात माती फुगत नाही. पाण्यातील थर त्याहून जितका उंच, तितकी माती फुगणारी. खनिजाची पक्की ओळख मात्र क्ष-किरणांनीच पटते.

हाच गुण उलटतोही. मातीच्या कणांवर सोडियम वाढला की ते विखुरतात, छिद्रे बुजतात व रान चोपण होते. आमच्या चार एकरांत कालव्याचे पाणी आले तेव्हा आम्ही हर्षाने ऊस लावला, निचऱ्याचा चर काही खणला नाही. सातव्या वर्षी खालच्या कोपऱ्यात पाणी आठ आठ दिवस तुंबू लागले. मागाहून जिप्सम घातले, पण चराविना ते वाया गेले. म्हणून खरेदीखतापूर्वी सातबाऱ्याबरोबर सोडियमचा आकडा असलेला माती-तपासणीचा कागदही मागावा, असे आमचे मत आहे. आमच्या सातबाऱ्यावर तो कोपरा अजून बागायत म्हणूनच लागलेला आहे.