भाऊंना फोन लावू नका

पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी भाऊंना, दादांना, आमदारांच्या पीएला फोन लावू नका. कळकळीने सांगतो, लावू नका.

फोनने काम लवकर होतं, मान्य. पण ठाणेदाराला त्यातून एकच गोष्ट कळते: पगार जनतेचा, हुकूम भाऊंचा. उद्या भाऊंच्याच माणसाने तुमच्या मुलीची वाट अडवली तर? तोच फोन तुमच्याविरुद्ध वाजेल. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन तुमची बोळवण होईल.

म्हणून सरळ जा. तक्रार लेखी द्या. 'आमची हद्द नाही' हे कारण ऐकून परत फिरू नका. गुन्हा दखलपात्र असेल, तर हद्द कुठलीही असो, तो नोंदवावाच लागतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा. तिथेही दाद नाही लागली, तर मॅजिस्ट्रेटकडे जा. आणि शेजारची बाई एकटी निघाली असेल, तर चपला घाला. सोबत जा.

पोलिसांना राज्यकर्त्यांशी बांधणारी ही दावण जुनी आहे. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला, तो राज्यकर्त्यांच्या सोयीचा. २००६ मध्ये प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही दावण सैल करायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा सुधारला. ठाण्यातल्या निरीक्षकाला साधारण दोन वर्षांची मुदत दिली. पण 'जनहित' आणि 'प्रशासकीय निकड' म्हणून त्याआधीही हलवायची पळवाट ठेवली. (जनहित कुणाचं, हे मात्र जनतेला कुणी विचारत नाही.) भाऊंना 'नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर ही बदली कायम टांगलेली. ऐन परीक्षेत मुलांची शाळा बदलायची भीती त्यालाही असतेच की!

त्याला एकटं पाडू नका. चांगला अधिकारी मुदतीआधी हलवला, तर गप्प बसू नका. कारण विचारा. माहिती अधिकारात अर्ज टाका: आपल्या ठाण्यातल्या किती अधिकाऱ्यांची बदली मुदतीआधी झाली, कोणाच्या आदेशाने? आणि खाकीनेच अन्याय केला, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा. ते याच सुधारणेतून आलं आहे, तुमच्यासाठीच आहे.

मत मागायला येतील तेव्हा रस्ता, पाणी जरूर मागा. पण हेही विचारा: 'आमच्या ठाण्यात तुम्ही फोन करणार का?' उत्तर चारचौघांत घ्या. गणेश मंडळात, बचत गटात, सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र आजच लिहायला घ्या.