मैदानावरचे चौथे शील

गेल्या हिवाळ्यात तालुक्यातील एका आंतरशालेय फुटबॉल सामन्याला आपल्या संघासोबत जाण्याचा योग आला. आपण एका गोलने पुढे होतो. सामना संपायला पाच-सहा मिनिटे उरली होती आणि प्रतिस्पर्धी मुले लाटांसारखी आपल्या गोलवर येत होती. एवढ्यात आपल्याच बाजूच्या प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "अरे पड! झोप खाली!" आपला एक बचावपटू, ज्याला कोणाचा धक्काही लागला नव्हता, पोटरी धरून खाली बसला. पंचांनी शिट्टी वाजवली. पाण्याची बाटली घेऊन सर्वांत आधी धावले ते समोरच्या शाळेचे क्रीडाशिक्षक. त्यांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, चवडा हळूच मागे दाबला आणि विचारले, "बाळा, आता बरं वाटतंय का?" मुलाने मान हलवली, पण वर पाहिले नाही. सामना आपण जिंकलो. परतीच्या बसमध्ये या प्रसंगावर हशा पिकला. त्या हशात मीही होतो, म्हणून हा लेख.

मुलांनी हे कोठून उचलले, याचा शोध घ्यायला फार दूर जावे लागत नाही. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे झालेला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आपण सर्वांनी पाहिला. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, हेन्रिक क्लासेन तुफान खेळत होता आणि सामना हातातून निसटल्यात जमा होता. त्यानंतर थोड्याच वेळात ऋषभ पंतच्या गुडघ्याला पट्टी बांधण्यासाठी खेळ थांबला. पुन्हा सुरू झाल्यावर हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद झाला आणि भारताने सात धावांनी विश्वचषक जिंकला. पुढे ऑक्टोबरमध्ये कपिल शर्माच्या कार्यक्रमात कर्णधार रोहित शर्माने हसत हसत सांगितले की, पंतने तेथे डोके चालवून खेळाचा वेग तोडला होता. विजयाचे ते एकमेव कारण नव्हते, असेही त्याने प्रामाणिकपणे म्हटले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रोहित हा आपल्याच लोकलमार्गावरच्या बोरिवलीत वाढलेला, विधान भवनातील सत्काराला मराठीतून उत्तर देणारा कर्णधार. आपल्या मुलांना तो घरचाच वाटतो. त्याने ज्याला हुशारी म्हटले, त्याला मुले दुसरे काय म्हणणार?

मला अस्वस्थ करते ती गोष्ट निराळी आहे. डिसेंबर २०२२ मधील भीषण मोटार अपघातात पंतच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली होती. तो पुन्हा खेळेल की नाही, या काळजीने कितीतरी अनोळखी माणसे हळहळली. गुडघ्याचे दुखणे म्हटल्यावर मैदानावरच्या कोणालाही शंका घेणे अवघड जावे, अशी ती पार्श्वभूमी होती. त्या काळजीचाच त्या दिवशी डाव म्हणून वापर झाला.

वर्षभराने पारडे फिरले. जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या तिसऱ्या सायंकाळी, दिवसाची शेवटची काही मिनिटे उरली असताना इंग्लंडचा सलामीवीर झॅक क्रॉली रेंगाळत राहिला. बुमराहचा चेंडू हातमोज्यावर लागताच त्याने फिजिओला बोलावले आणि भारताला जेमतेम एकच षटक टाकता आले. शुभमन गिल संतापला, आपल्या खेळाडूंनी उपहासाने टाळ्या वाजवल्या आणि आपणही घरोघरी इंग्रजांच्या नावाने बोटे मोडली. एकच कृती आपल्या माणसाने केली की चातुर्य आणि परक्याने केली की लबाडी! खोट्याच्या या दुहेरी मापाचे शिक्षण मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. ते आपल्या दिवाणखान्यात मिळते.

नियम कडक करा, असे कोणी म्हणेल. नियम आहेतच. फुटबॉलमध्ये दुखापतीचे सोंग करणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवता येते. अमेरिकेतील मेजर लीग सॉकरने २०२४ पासून असा नियम केला की, पंधरा सेकंदांहून अधिक काळ पडून राहिलेल्या आणि उपचार घेतलेल्या खेळाडूने, काही अपवाद वगळता, दोन मिनिटे बाहेर थांबावे. तेथील निराळ्या, हाताने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये वेगवान आक्रमण रोखण्यासाठी बचावपटू खोटे कोसळतात, म्हणून महाविद्यालयीन स्पर्धांत २०२५ पासून, चेंडू पुढच्या खेळीसाठी मांडल्यानंतर असे घडल्यास त्या संघाचा एक टाइमआउट कापला जातो. हे उपाय निरुपयोगी नाहीत. परंतु शाळेच्या मैदानावर मला त्यांची भीती वाटते. संघाचे नुकसान होईल या धाकाने एखादा मुलगा खरी इजा लपवील. वेदना पंचांना दिसत नाही. ती सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच खेळ थांबतो.

हा विश्वास कशासाठी लागतो, ते गोव्याच्या फुटबॉलला ठाऊक आहे. डिसेंबर २००४ मध्ये बेंगळुरू येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर आपला दुसरा गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकाशी आदळला आणि कोसळला. तो पुन्हा उठला नाही. जून २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानातच हृदय बंद पडून कोसळला, तेव्हा सहकारी आणि डॉक्टर क्षणार्धात धावले म्हणून तो वाचला. पडलेला माणूस खरोखरच पडला आहे, असे गृहीत धरून लोक धावतात. प्रत्येक सोंग त्या धावण्यातला एकेक क्षण खाऊन टाकते.

आपल्या वसतिगृहात रोज सकाळी वंदनेत पंचशील म्हटले जाते. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. तेथे प्रश्न जिभेचा आहे, पोटरीचा नाही, अशी पळवाट एका माजी विद्यार्थ्याने मला गमतीने सुचवली. परंतु तथागतांनी बालवयातील राहुलाला केलेला उपदेश आठवावा. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज न वाटणाऱ्याचे श्रामण्य तेवढेच क्षुल्लक असते, असे त्यांनी त्याला समजावले. थट्टेतही खोटे बोलू नकोस, असे सांगितले. आणि मग आरशाची उपमा देऊन कायेने, वाचेने, मनाने केलेले प्रत्येक कर्म तपासायला शिकवले. काया तेथे पहिली आहे. सम्राट अशोकाने भाब्रू येथील शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी ऐकावीत म्हणून जी सात प्रवचने सांगितली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे. त्याच अशोकाच्या लेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्यात सापडला. स्तूप दाखवायला आपण मुलांची सहल दरवर्षी नेतो. त्या दिवशी राहुलाची ही गोष्टही सांगता येईल.

मुलांना शिक्षा करा, असे मी म्हणत नाही. तो बचावपटू पंधरा वर्षांचा आहे. ओरडणारा गृहस्थ चाळिशीचा होता. संघ पाठवण्यापूर्वी प्रशिक्षकांनी आणि सोबत जाणाऱ्या मोठ्यांनी एक गोष्ट मान्य करावी: पडण्याची सूचना आपल्या बाजूने कधीही दिली जाणार नाही, मग चषक गेला तरी चालेल. दिली गेल्यास प्रशिक्षकांनी तेथल्या तेथे पंचांना तसे सांगावे. चषक जाईलही. या मोसमात तो राखण्यासाठी आपल्याला खेळायचेच आहे, आणि त्याआधी पालकसभा आहे. हा विषय तेथे घ्यावा, अशी विनंती मी व्यवस्थापनाला लेखी केली आहे. दुसरे पत्र त्या क्रीडाशिक्षकांना लिहिले आहे. ते त्या मुलाने स्वतः वाचून, स्वतःच्या हाताने पाकिटात घातले.