धुण्याचा कोपरा

मैत्रिणींनो, फ्लॅटमधली धुण्याची जागा म्हणजे जेमतेम मशीन मावेल एवढीच! तेव्हा जमीन मोकळी ठेवा नि भिंत वापरा. मशीनचं झाकण पुरतं उघडेल इतकं अंतर सोडून वर फळी बसवून घ्या. पुढून पट्टी मारली की बाटल्या घसरत नाहीत. साबणाची पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे पावसाळ्यात तिचे गोळे होणार नाहीत. चिमट्यांची पिशवी दारामागे खिळ्याला अडकवा.

ब्लीच मात्र मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, मूळ बाटलीतच हवं. सरबताच्या बाटलीत कधीही नको. आणि संडास धुण्याचं ॲसिड त्याच्या शेजारी मुळीच ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ॲसिड दुसरीकडे, कुलपात ठेवा. जागेची काटकसर करा, पण इथे नको बरं!