फाउंडेशनचं रबर

इंजिनाच्या माउंटिंगचा विषय निघाला की आमच्या शहापुरात दोनच प्रकारचे लोक कान टवकारतात. एक म्हणजे माझ्या भाच्यासारखी पोरं, जी उंच सस्पेन्शनची डर्ट बाइक घेऊन रविवारी डेहण्याला, आजोबा पर्वताच्या पायथ्याशी, चिखल उडवायला जातात. आणि दुसरे गॅरेजवाले मेस्त्री. मेस्त्री त्याला माउंटिंग म्हणत नाहीत, 'फाउंडेशन' म्हणतात. मला हाच शब्द आवडतो. चेसिसवर इंजिन ज्या बोल्टांनी, पट्ट्यांनी आणि (असलंच तर) रबराने बसवलेलं असतं, ते सगळं मिळून फाउंडेशन.

तर भाच्याला हल्ली बाहेर मिळणारे ॲल्युमिनियमचे, मशीनवर कापलेले, लाल-निळे रंगवलेले माउंट हवे आहेत. "मामा, गाडी एकदम टाइट होते. हँडलिंग सुधारतं आणि हाताला मुंग्या पण येत नाहीत." या वाक्यातला पहिला आणि शेवटचा तुकडा एका घरात नांदत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

का ते सांगतो. एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. मीटरवर सहा हजार आकडा असेल तर हे सेकंदाला शंभर फेरे झाले. क्रँकला उलटं वजन लावून यातला साधारण निम्मा झटका मारता येतो. पूर्ण मारायला गेलं तर तोच झटका आडवा, म्हणजे पुढे-मागे उभा राहतो. उरलेल्यासाठी बॅलन्सर शाफ्ट हा उपाय. जुन्या बुलेटच्या ३५० इंजिनात तो नव्हता, २०२० मध्ये आलेल्या मिटिअरच्या इंजिनात आला. हे काहीच नसेल तर थरथर फाउंडेशनमधून चेसिसमध्ये आणि चेसिसमधून तुमच्या मनगटात. मधलं रबर काढून तिथे ॲल्युमिनियम घातलं तर ती थरथर कुठे जाणार? भिवंडीला?

रबराचंही सगळं गोड नाही. फार मऊ घेतलं तर चेनच्या ओढीने इंजिन तिरकं होतं, चेनची रेघ बिघडते आणि वळणावर गाडी मागून झुलायला लागते. नॉर्टन या इंग्रज कंपनीने १९६७ मध्ये कमांडो नावाची गाडी दाखवली, तिच्यात यावर फार हुशार तोड होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म हे तिन्ही एकत्र बांधून तो अख्खा गठ्ठा रबरावर टांगला. थरथर गेली आणि चेनची रेघही शाबूत राहिली. पण बाजूची फट पातळ चकत्या घालून बरोबर राखावी लागे. फट वाढली की गाडी डोलणार, फार आवळली की थरथर परत. म्हणजे माउंट विकत आणून काम संपत नाही, तो नीट लावायला आणि सांभाळायला माणूस लागतो.

आणि 'टाइट म्हणजे चांगलं' हे तर खुद्द मोटोक्रॉसवाल्यांनीच खोटं ठरवलंय. होंडाने १९९७ च्या सीआर२५०आर ला ॲल्युमिनियमची चेसिस दिली. मजबूत होती, इतकी मजबूत की खड्ड्यातला प्रत्येक दणका हाताला लागतो अशी ओरड झाली, आणि पुढच्या चेसिस मुद्दाम थोड्या लवचीक करत न्याव्या लागल्या. आज शर्यतीतले लोक इंजिनाच्या वरच्या पट्ट्या बदलतात ते पुष्कळदा चेसिसला थोडं वाकू द्यायला. भाच्याने व्हिडिओ पाहिला, त्यातली पट्टी पाहिली, कारण तेवढं राहिलं.

पण मला खरं बोलायचंय ते भाच्याबद्दल नाहीच.

आमचे भावोजी डोळखांबच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षक आहेत. रोज जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, तेही साध्या शंभर सीसीच्या गाडीवर. रात्री बोटं बधिर होतात म्हणून गेली दोन वर्षं तेल चोळणं चालू होतं. (बधिरपणाला कारणं पुष्कळ असतात, मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडेही त्यांना पाठवलंच.) दिवाळीत त्यांची गाडी मी किन्हवलीपर्यंत चालवली तेव्हा आरशात मागचा माणूस दिसेना, नुसता रंग हलत होता. मेस्त्रीने पुढचा बोल्ट हाताने फिरवून दाखवला. "इंजिन ठणठणीत हाय. रबर मेलाय." ऑइल आणि उष्णता खाऊन रबराचा खाकरा झाला होता. मधे कुणीतरी फट भरायला ट्यूबचा तुकडा कापून घातला होता. नवी रबरं, नवे बोल्ट आणि मजुरी धरून चारशेच्या आत काम झालं. आरसा स्थिर झाला. बोटं पूर्ण बरी झाली नाहीत, पण झोपेतून उठवत नाहीत म्हणतात.

युरोपात २००२ साली कामगारांच्या हाताला बसणाऱ्या थरथरीवर नियम केला. आठ तासांच्या दिवसाला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, ५ च्या वर जाऊच द्यायची नाही. आपल्याकडे मुरबाडहून पहाटे कल्याणकडे कॅन लटकवून निघणाऱ्या दूधवाल्याच्या मनगटाला यंत्र कोण लावणार? तो स्वतःच स्वतःचा मालक. आणि नवा गुळगुळीत रस्ता त्याच्यासाठी नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, आमच्याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी.

म्हणून या माउंट प्रकाराला 'रायडर लोकांचा शौक' म्हणून बाजूला टाकणं मला पटत नाही. त्याची गरज दूधवाला, पोस्टमन, आशाताईंना घेऊन जाणारा नवरा, यांना जास्त आहे, आणि त्यांना लाल-निळं ॲल्युमिनियम नको आहे. त्यांना कंपनीच्या मापाचं, ताज्या रबराचं फाउंडेशन तालुक्याच्या दुकानात मिळायला हवं. आज पिस्टन मिळतो, स्टिकर तर हव्या त्या रंगात मिळतो, भावोजींच्या रबरासाठी मात्र मेस्त्रीला कल्याणला माणूस पाठवावा लागला. गाऱ्हाणंच कुणी करत नाही, मग दुकानदार तरी माल कशाला भरेल? गाडी थरथरते हे आपण पावसासारखं धरून चाललोय. सर्व्हिसिंगला गेलात की ऑइल बदलून घेता ना, तसं एकदा पहिल्या गिअरमध्ये ब्रेक धरून क्लच हलकेच सोडायला सांगा आणि खाली वाकून बघा इंजिन किती उसळतंय. बोल्टाची भोकं लांबोळी झाली असतील तर नुसतं आवळून भागत नाही, तेही विचारा.

भाचा सध्या रुसलाय. त्याला म्हटलंय, माउंटच्या पैशात आधी एक टॉर्क पाना घे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने सगळे बोल्ट आवळ आणि महिनाभर चालव. त्यानंतरही टाइटच हवी असेल तर गाडी त्याची आहे आणि मनगटंही त्याचीच. पाना आला की पहिला भावोजींच्या गाडीला लावायचा, एवढी अट मात्र त्याच्या आईने घातलीय.