जत्रेतल्या कुस्तीचा माईक कुणाच्या हाती?

परभणी जिल्ह्यात जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत गावोगावच्या जत्रा-उरुसांत कुस्त्यांचा फड लागतो. पोरासोरांच्या नारळ-रेवडीच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत. पहिलवान, पंच, हलगीवाले आधीच ठरलेले असतात. निवेदकाची आठवण मात्र ऐनवेळी होते: ‘माईक धरायला कुणीतरी बघा!’

निवेदक नेमके करतो काय?

मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुण असतात, फलकावर आकडे दिसतात. मातीत फलक नाही. पाठ टेकली की निकाल. जोड कुणाची, गाव कोणते, वस्ताद कोण, इनाम किती, हे सारे निवेदकाच्या गळ्यावर चालते. खडाखडी संपून एकाने पट काढला, दुसऱ्याने ढाक लावली, हे तो सांगतो तेव्हाच मागच्या रांगेला कळते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात उभारलेल्या खासबाग मैदानात आखाडा मध्ये आणि प्रेक्षक भोवती चढत्या उतारावर बसतात. डाव सगळ्यांना दिसतो. आपला फड सपाट वावरात. पुढचे उभे राहिले की मागचे ट्रॅक्टरवर चढतात.

गप्प कधी बसायचे, हेही त्याला कळावे लागते. म्यानमारमध्ये लेथवे हा बिनहातमोज्यांचा मुष्टियुद्धाचा खेळ आहे. तिथे ढोल-सनईसारख्या वाद्यांचा ताफा लढत सुरू असतानाच वाजतो. आपल्याकडे ते काम हलगी करते. हलगी चढली की माईक उतरला पाहिजे. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी या कामाला नाव मिळवून दिले. गावच्या फडात मात्र ते अजून कुणीही करावे असे समजले जाते.

मग बिघडते कुठे?

सत्कारात. पोरगा समोरच्याला चितपट करतो आणि भोंग्यावर कुण्या साहेबांच्या आगमनाची घोषणा चालू असते. त्या पोराचा मोबाईलवरचा व्हिडिओ बघा: डाव त्याचा, नाव साहेबांचे! इनामाचे पैसे पुढारीच देतात, असे पंचकमिटी म्हणते. खरे आहे. मग इनाम पुकारताना देणाऱ्याचे नाव जरूर घ्यावे. कुस्ती लागल्यावर नको.

दुसरा धोका मोठा आहे. निकालावरून वाद झाला की गर्दी आखाड्यात उतरते. तेव्हा पंचांचा निर्णय ठामपणे सांगून लोकांना मागे बसवणारा आवाज लागतो. ‘अमुक गावाची इज्जत’ असले एखादे वाक्य हौशी माणसाच्या तोंडून गेले, तर दोन गावांत वर्षभर पुरते.

म्हणून पंचकमिटीने निवेदक आधी ठरवावा, फेटा-नारळावर न भागवता मानधन द्यावे आणि तो आकडा इनामांसोबत हँडबिलात छापावा. सत्कार पहिल्या कुस्तीआधी उरकावेत. जोडींची यादी लढतीपूर्वी तासभर तरी त्याच्या हातात असावी, त्यात नारळावर लढणाऱ्या पोरांचीही पूर्ण नावे असावीत.